बेर्गुरचा जाडा छरा

नाताळाच्या आठवड्यात स्टेनवॉरच्या दाराला चार पांढरे तित्तर टांगलेले सापडले. कुणी टांगले, पत्ता नाही. तिचा नवरा बेर्गुर वसंतात वारला, तेव्हा यंदा नाताळाच्या ताटात तित्तर नाही हे ती धरूनच चालली होती. आइसलंडात हे पाखरू दुकानात मिळत नाही. घरात शिकारी लागतो.

संशय शेजारच्या औस्मुंदुरवर होता. नाताळाला तिनं त्यालाच जेवायला बोलावलं.

"तूच टांगलेस ना रे?"

"मी? माझी बंदूक कधीची धूळ खात पडलीय. जेव मुकाट्यानं, निवतंय."

दुसऱ्याच घासाला तिच्या दाताखाली छरा आला. तिनं तो ताटाच्या काठावर टाकला. टण्ण! केवढा जाड! साऱ्या खोऱ्यात काडतुसांत एवढे जाड छरे एकटा बेर्गुर भरायचा, घरी, स्वतःच्या हातानं. हाच औस्मुंदुर त्याला चिडवायचा, "तित्तर मारतोयस की रेनडिअर?" आणि उरलेली काडतुसं उन्हाळ्यात तिनं ह्यालाच देऊन टाकली होती.

छरा बघून औस्मुंदुर बटाट्यांत तोंड खुपसून बसला.

छरा सापडला की शिकाऱ्याचे आभार मानायचे, हा त्या घरचा रिवाज. स्टेनवॉरनं पेला उचलला.

"आभार, खोटारड्या!"

"माझे कसले?" तो पुटपुटला. "माझ्या काडतुसांनी एक पडेल तर शपथ. शेवटी त्याची भरली."

"म्हणजे यंदाही त्यानंच आणले म्हण की," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात आणखी एक तंगडी वाढली.