शिवांगीच्या पत्रातली एक ओळ

शिवांगीच्या पत्राला मी आठ वर्षं उत्तर दिलं नाही. लातूरच्या कॉलेजात ती माझी विद्यार्थिनी. मी मानसशास्त्र शिकवायचो. मी निवृत्त झालो त्या वर्षी नांदेडहून तिचं पत्र आलं. फाटकात उभ्या उभ्या वाचलं आणि एकच ओळ डोक्यात राहिली : ‘सर, तुम्ही मला अंतर्मुख ठरवलं, ते चुकलं होतं.’

स्वभाव तपासायच्या एका प्रश्नावलीवरून मी त्या मुलीवर शिक्का मारला, तिचं नुकसान केलं, असं धरून बसलो. माफी मागायला तीनदा कागद घेतला, तीनदा ठेवून दिला.

गेल्या महिन्यात पत्नीचं, सरस्वतीचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तिला वाचायची मनाई. एका दुपारी म्हणाली, “ते पुस्तकात दडवलेलं पत्र वाचा की मोठ्यानं.”

“त्यात माझी चूक आहे.”

“मग तर ऐकतेच.”

मोठ्यानं वाचताना काही गाळता येईना. त्या ओळीच्या पुढे लिहिलं होतं : ‘गावी जळकोटला माझ्या तोंडाला कोणी लागत नाही. लातूरला पोरी माझ्या बोलण्याला हसायच्या, म्हणून गप्प असायचे. हे सांगितल्यावर तुम्ही माझा निकाल खोडलात आणि वर्गासमोर म्हणालात, माझं चुकलं. असं म्हणणारं मोठं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. आता मी मुलांचं समुपदेशन करते. गप्प मूल आलं की आधी विचारते, घरी कसा असतोस? हे तुमच्यामुळे.’

मी थांबलो. ते खोडणं मला आठवतच नव्हतं. चूक तेवढी आठवत होती. स्वतःबद्दलच्या मताशी जुळेल तेवढंच मन उचलतं, हे तीस वर्षं मीच फळ्यावर लिहिलेलं.

“पोरांना मन शिकवत होतात,” सरस्वती म्हणाली. “अन् घरी आलेलं पत्र वाचता येईना.”

त्याच दुपारी लिहिलं : ‘शिवांगी, माझी चूक मी जपली होती. मी ती दुरुस्त केली, ते तू जपलंस. लई उपकार झाले, पोरी.’

“पत्ता बदलला असेल,” मी म्हणालो.

“तर माघारी येईल. माघारी यायला आधी जावं लागतंय.”

काळा चष्मा लावून ती माझ्याबरोबर पोस्टापर्यंत आली. पाकीट पेटीत सोडलं, तरी माझा हात तिथंच होता.

“पडलं का आत?”

“पडलं.”