वयाची हजेरी

आमच्या वसाहतीत राहायचं तर वयाची पंचावन्न वर्षं पूर्ण व्हावी लागतात. नवरा-बायको असाल तर दोघांचीही. मुलं, नातवंडं, भाचे, पुतणे यांनी पाहुणे म्हणून यावं, महिनाभर राहावं आणि गोडीगुलाबीने परत जावं, असा इथल्या रहिवासी संघाचा नियम आहे. तो पाळून घेण्याचं काम माझ्याकडे. मी सारा जन्म मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते, त्यामुळे इथेही सगळे मला रेक्टरबाई म्हणतात. पाठीमागे आणखी काय काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, आणि मला त्याचं सोयरसुतक नाही.

आमचा संघ वयाचा दाखला मागत नाही. वर्षातून एकदा सगळे सभागृहात जमतात, एकेका घरातली माणसं उभी राहतात आणि आपापलं वय मोठ्याने सांगतात. झालं काम. बाहेरच्यांना हसू येतं, पण वय वाढवून सांगणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. कमी करणारे मात्र पैशाला पासरी. कोपऱ्यातल्या घरातली नर्स गेली तीन वर्षं अडुसष्टावरच मुक्काम ठोकून आहे. पंचावन्नच्या वर आहे ना, मग मी कशाला तोंड वाईट करू? मी कानाडोळा करते.

यंदा मात्र पेच पडला तो ड्रायव्हरच्या घरावरून. हा चौसष्टचा गृहस्थ. उभं आयुष्य लांब पल्ल्याच्या बस चालवण्यात गेलं. पहिली बायको जाऊन कितीतरी वर्षं झालेली. कुणाचा नळ गळो, कुणाचं दार अडको, हा पाना घेऊन हजर. बोलणं जेवढ्यास तेवढं. फक्त एका बाबतीत भलताच कडक, ती म्हणजे खोटं. सख्ख्या भावाने एकदा कसलीशी थाप मारली, तेव्हापासून त्या भावाशी हा एक शब्दही बोललेला नाही.

या माणसाने दोन महिन्यांपूर्वी लग्न केलं. बायको बाजारातल्या सलूनमध्ये केस कापते. वय पन्नास, हे त्यानेच छाती फुगवून सगळ्यांना सांगितलं. त्या दिवसापासून त्याच्या घरातून हसण्याचे आवाज येऊ लागले. सकाळी खिडकीत दोन टॉवेल वाळत दिसायचे, ते पाहून मलाच उगाच बरं वाटायचं. नियमाने ती पाहुणी ठरत होती. तिचा महिना भरला तरी मी झोपेचं सोंग घेतलं.

मला जागं केलं ते औषधवाल्याने. पूर्वी त्याचं औषधांचं दुकान होतं, अजून बोलतो तो मोजूनमापूनच. गेल्या वर्षी त्याच्या भाचीला मी महिना संपल्यावर सामानासकट वाटेला लावली होती. रस्त्यात गाठून त्याने विचारलं, की माझ्या भाचीला एक न्याय आणि ड्रायव्हरच्या बायकोला दुसरा, हे कसं? मला त्याचा असा काही राग आला म्हणून सांगू! त्याचं बरोबर होतं, म्हणूनच जास्त आला.

तशीच ड्रायव्हरकडे गेले. स्वयंपाकघरात फरशीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरून मधोमध खुर्ची टाकली होती. खुर्चीत तो, गळ्याभोवती चादर, आणि मागे कात्री चालवत त्याची बायको. मी आडवळणं न घेता सांगून टाकलं. त्याने मानही हलवली नाही. नियम तो नियम, म्हणाला, सलूनजवळ दोन खोल्या भाड्याने बघून ठेवल्यात, हजेरीच्या दिवशी चारचौघांत सांगतो आणि घर सोडतो. माझ्या बायकोला पाहुणी म्हणवून घेणार नाही. एवढं बोलून त्याने पुढचे केस कापायला मान खाली घातली, पण कात्री काही पुन्हा वाजली नाही.

ती मला फाटकापर्यंत सोडायला आली. हातात कंगवा तसाच.

"बाई, मी अठ्ठावन्नची आहे," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. चाळीस वर्षं पोरींच्या थापा पकडण्यात घालवलेली मी, आणि हिने मला साफ फसवलं होतं. मग तिने सगळं सांगितलं. सलूनमध्ये तरुण हातांना गिऱ्हाईक जास्त, म्हणून तिथे लागतानाच तिने आठ वर्षं गाळली. हा केस कापायला आला, बोलता बोलता वय विचारलं, तिने नेहमीचं उत्तर दिलं. पुढे कापण्याजोगे केस नसतानाही तो येत राहिला. गोष्ट लग्नापर्यंत पोचली तेव्हा ते पन्नास तिच्या अंगाला चिकटून बसलं होतं.

"तुम्ही अठ्ठावन्न धरून घ्या ना, बाई. यांना नका कळू देऊ."

"इथे धरून घेत नाहीत, बोलावं लागतं. भर सभेत. आणि नवरा शेजारी बसलेला असतो."

"त्यांच्या भावाचं माहीत आहे ना तुम्हाला? मग माझं काय होईल?"

उत्तर नसलं की माझी जीभ जास्तच चालते. घर जाईल ते त्याचं जाईल, तुझं नाही, असं तिला सुनावलं आणि तरातरा निघून आले. घरी येऊन चहा केला, तो कडू झाला आणि मी तो तसाच प्यायले.

हजेरीच्या दिवशी सभागृह भरलं. नर्सने ठणकावून अडुसष्ट सांगितलं, सगळे हसले, तीही हसली. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी एक्क्याण्णव म्हणताच टाळ्या पडल्या. मग ड्रायव्हर उठला.

"चौसष्ट," तो म्हणाला. "आणि ही माझी इथली शेवटची हजेरी. या महिन्याअखेर आम्ही..."

तिने त्याची बाही ओढून त्याला खाली बसवलं आणि स्वतः उभी राहिली. काहीतरी पुटपुटली.

"मोठ्याने," मी म्हणाले. सवयीने गेलं तोंडून, आणि लगेच जीभ चावली.

"अठ्ठावन्न," ती खरंच मोठ्याने म्हणाली. "पन्नास सांगितलं ते खोटं होतं. यांनाही मी खोटंच सांगितलं."

औषधवाला तेवढ्यात उठलाच. घर वाचवण्यासाठी बाई आज वय वाढवून सांगत नाहीत कशावरून, असा त्याचा सवाल. मी त्याला म्हटलं, हिचं नाक बघा कसं लाल झालंय. खोटं बोलताना असं होत नाही, हे माझ्याइतकं इथे कुणाला कळत नसेल. तरी शंका असेल तर उद्या दाखला बघायला माझ्याकडे या, आता खाली बसा. तो बसला.

आता सगळे बघत होते ड्रायव्हरकडे. तो आपल्या तळहातांकडे बघत होता. बसचं चाक धरून घट्टे पडलेले ते हात त्याने एकदा उघडले, मिटले. ती तशीच उभी होती. तिला बसायला सांगायचंही मला सुचेना. भावासारखं हिलाही याने तोडलं तर आपण वाचवलेल्या त्या घराचं करायचं काय, एवढंच माझ्या मनात घोळत होतं.

"खोटं बोललीस त्याचं घरी गेल्यावर बघू," तो शेवटी म्हणाला. "भांडण होणार. ते काही टळत नाही."

तिने मान हलवली.

"पण तुला एक सांगतो. लग्न झाल्यापासून मला एकच घोर लागून होता. मी गेल्यावर ही एकटी किती वर्षं काढणार, हा." त्याने हात मांडीवर ठेवले. "त्यातली आठ आज कमी झाली. बस खाली."

ती बसली आणि भर सभेत त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. तो अवघडून समोर बघत राहिला, पण खांदा काही त्याने हलवला नाही. माझेही डोळे भरून आले. रेक्टरला हे शोभत नाही, म्हणून मी खाकरून घसा साफ केला आणि पुढच्या घराला उभं राहायला सांगितलं.