मेलेल्या ताईचं वय

फ्लूने एउलोहियाची छाती पार भरली होती. अयाकुचोच्या इस्पितळात तिच्या नवऱ्यासमोर डॉक्टर इनेस कागदावर धोक्याचे गुण मांडत होती. श्वास फार जोरात, एक. रक्तदाब कमी, दोन. वय सदुसष्ट, म्हणजे पासष्टच्या वर, तीन!

"तीन म्हणजे जिवाला धोका, आजोबा. यांना लिमाच्या मोठ्या इस्पितळात पाठवते. सोबत कुणाला जाता येणार नाही."

सातुर्निनोच्या बेचाळीस वर्षांच्या संसारात बायको एक दिवससुद्धा नजरेआड झाली नव्हती.

"ती सदुसष्टची नाहीच मुळी!" तो एकदम म्हणाला. "बासष्टची आहे. थोरली बहीण पाळण्यातच गेली, मग ही जन्मली. नव्या जन्मदाखल्यासाठी डोंगर कोण उतरणार? बापाने थोरलीचाच दाखला हिला दिला, नावासकट."

"बायको जवळ राहावी म्हणून थापा मारताय होय?"

"थापाच मारायच्या तर विशीची नसती का सांगितली?"

मास्कच्या आत एउलोहियाला हसू आलं आणि हसता हसता खोकला. "खरंय, डॉक्टरबाई," ती धापा टाकत म्हणाली. "लहानपणी थडग्यावर मेणबत्ती मीच लावायचे. वर नाव माझंच!"

इनेसने तीन खोडून दोन लिहिले. "बरं, इथेच ठेवते. पण श्वास आणखी बिघडला तर पाठवणार. तेव्हा रडायचं नाही."

"रडेन," सातुर्निनो म्हणाला, "पण तुम्ही पाठवा." आणि बायकोच्या उघड्या पावलांवर त्याने घोंगडी नीट ओढली.