शुभेच्छुकांच्या दुसऱ्या रांगेत

दत्तानं माउसचा बाण भैरूच्या चेहऱ्यावर नेला, एकदा क्लिक केलं आणि चेहऱ्याभोवती चौकट आल्यावर डिलीटच्या बटणावर बोट ठेवलं. बोट तिथंच राहिलं. काचेचा दरवाजा ढकलून अनुपमा आत आली होती.

"काढला का?" तिनं विचारलं.

"काढतोय, वहिनी."

"म्हंजी अजून हाय."

ती खुर्चीवर बसली. पदरानं मान पुसली. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं आणि दुकानातला कूलर हवेपेक्षा आवाजच जास्त देत होता. स्क्रीनवर दहावी पास झालेल्या मुलांचं अभिनंदन करणारा फ्लेक्स होता, चौकात लागलेला तोच. मधोमध माऊलीआप्पा, प्रभागाचे नगरसेवक, अंगठा वर करून. मुलं कोपऱ्यात, वाटाण्याएवढी. खाली दोन रांगांत अठरा शुभेच्छुक. दुसऱ्या रांगेत चौथा, पांढरा शर्ट, मोबाइल कानाला लावलेला, तो भैरू शेलार. अनुपमाचा नवरा. त्याला जाऊन सहा महिने झाले होते.

फेब्रुवारीत, आप्पांच्या वाढदिवसाला, ती चूक होती. दत्तानं गेल्या वर्षीचीच फाइल उघडून फक्त वय बदललं होतं. फ्लेक्स चौकात लागल्यावर त्याच्या लक्षात आलं, तेव्हा तो घाबरून अनुपमाकडं माफी मागायला गेला. ती म्हणाली, राहू दे. एवढंच नाही, पुढच्या फ्लेक्सवरही राहू दे. त्यानंतर भैरूनं महाशिवरात्रीच्या शुभेच्छा दिल्या, शिवजयंतीच्या दिल्या, गुढीपाडव्याच्या दिल्या. जिवंतपणी तो इतका सक्रिय नव्हता. मध्यंतरी दोन जण विरोधी गटात गेले, तेव्हा त्याला तिसऱ्या रांगेतून दुसऱ्या रांगेत बढतीही मिळाली.

"आप्पांचा सकाळपासून तिसरा फोन," दत्ता म्हणाला. "ह्यातनं भैरूदादा काढून फ्लेक्स दुसरीकडं लाव म्हणले, उद्या संध्याकाळपर्यंत चौकातला उतरला पायजे. आन् त्या जागी भैरूदादाचा श्रद्धांजलीचा. मोठा. दहा बाय दहा."

"सहा महिन्यांनी?"

"तवा आचारसंहिता होती ना, वहिनी. तवा कुणाचाच लागला न्हाई."

ते खरं होतं. पाण्याच्या टाकीच्या चौकात आजवर जो गेला त्याचा फ्लेक्स लागला होता. भैरू नेमका नगरपरिषदेच्या निवडणुकीच्या तोंडावर गेला, सगळे फ्लेक्स उतरवलेले असताना. कंपनीच्या गेटवर ड्युटीवर असताना छातीत दुखलं आणि तासाभरात संपलं. अंत्यविधी गावाकडं, मांडवगणला झाला. त्याची आई, ताईआजी, तेव्हा पुण्याला लेकीकडं होत्या, खुब्याचं ऑपरेशन करून. डॉक्टर म्हणाले होते, इतक्यात धक्का देऊ नका. म्हणून सांगितलं नाही. मग जानेवारीत आजी शिरूरला परत आल्या आणि 'इतक्यात' संपायचं राहून गेलं.

भैरूला कंपनीनं गुजरातला पाठवलंय, असं ठरलं. ठरवणारी एकटी अनुपमा नव्हती. अख्ख्या सूर्योदय कॉलनीनं ते ठरवलं. समोरच्या रश्मी मॅडमनी त्यासाठी वेगळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. जी कॉलनी गटाराच्या अर्जावर अकरा सह्या जमवू शकली नव्हती, तिच्या या ग्रुपवर पहिल्याच दिवशी चौसष्ट जण आले. कुणी कधी काय बोलायचं, याचे वार लावले गेले. सोमवारी दूधवाला म्हणायचा, भैरूचा फोन आलेला. गुरुवारी इस्त्रीवाला म्हणायचा, तिकडं लई ऊन हाय म्हणत होता.

आणि रोज संध्याकाळी पाच ते सात ताईआजी टाकीच्या कट्ट्यावर, बरोबर फ्लेक्ससमोर जाऊन बसायच्या.

"त्याला बघितल्याशिवाय त्यांचा दिवस जात न्हाई," अनुपमा म्हणाली. "मी तरी काय करू? मला एकदम सांगता येत न्हाई, दत्ता. मी सांगायला बसते आन् त्या म्हणत्यात, पोळी घे अजून एक."

दत्तानं बटणावरचं बोट उचललं. "दोन दिवस रेटतो. मशिन बिघडलंय म्हणतो."

ती उठली. दाराशी थांबून तिनं पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं, एक टिकली सोडवली आणि काळ्या पडलेल्या दुसऱ्या स्क्रीनमध्ये बघत कपाळावर लावली. घरी जाताना ती रोज असंच कुठंतरी थांबायची. गळ्यातलं मंगळसूत्र पदराबाहेर काढलं आणि ती उन्हात गेली.

संध्याकाळी दत्ता चौकात गेला. फ्लेक्सखाली मच्छिंद्र हातात माइक घेऊन उभा होता, पण माइकमध्ये काही बोलत नव्हता. तो इथल्या नदीच्या नावाचं 'घोडकाठ चोवीस तास' हे यूट्यूब चॅनेल चालवायचा, सकाळी दहा ते सहा, जेवणाची सुट्टी सोडून. काल संध्याकाळी त्यानं 'मेलेला माणूस देतोय शुभेच्छा! बघा कुठे!' टाकलं होतं आणि सकाळपर्यंत ते आप्पांसकट चार हजार लोकांनी पाहिलं होतं. त्यातले बरेचसे कॉलनीतलेच होते. आजींनी ते पाहू नये म्हणून प्रत्येकानं आधी स्वतः पाहून घेतलं होतं. खबरदारी म्हणून कुणीतरी आजींच्या घराची केबलही काढून ठेवली. चॅनेल केबलवर लागत नव्हतं आणि आजींचा मोबाइल बटणांचा होता, पण सगळ्यांनाच काहीतरी करायचं होतं.

"सगळी गल्ली मला शिव्या घालतीय," मच्छिंद्र म्हणाला. "मला काय माहीत, आजींचं असं हाय म्हणून? मला ग्रुपमध्ये घेतलंच न्हाई."

"तू पत्रकार हायस ना? म्हणून न्हाई घेतलं."

"मी खुलासा टाकतो. 'भैरू शेलार सुखरूप.'"

"टाक. मग उद्या कंपनी म्हणंल, ड्युटीवर या."

मच्छिंद्र हसला नाही. त्यानं मान कलती करून कट्ट्याकडं पाहिलं. ताईआजी काठी गुडघ्यांमध्ये धरून बसल्या होत्या. येणारे-जाणारे त्यांच्याजवळ आले की चाल हळू करत, काहीतरी आनंदाचं बोलत आणि पुढं गेल्यावर तोंड पुसत. आज मंगळवार होता. मंगळवार किराणावाल्याचा. तो दुकान टाकून आला आणि वाकून म्हणाला, "आजी, भैरूचा फोन होता. तब्येत चांगली हाय म्हणला."

"व्हय का," आजी म्हणाल्या. "चांगलं झालं."

त्या वर फ्लेक्सकडं बघत राहिल्या. ऊन उतरलं, आप्पांचा अंगठा सावलीत गेला, मग पहिली रांग, मग दुसरी. सात वाजता त्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी दत्तानं दुकानाचं शटर वर केलं तेव्हा ताईआजी पायरीवर बसलेल्या होत्या. काठी आडवी ठेवलेली, मांडीवर प्लास्टिकची पिशवी.

"आजी, तुम्ही? एकट्या?"

"एकटीच यायचं होतं. आत घे मला."

त्यानं त्यांना पासपोर्ट फोटो काढायच्या निळ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर बसवलं, कूलरचं तोंड तिकडं वळवलं आणि पाणी दिलं. त्यांनी ते पुरतं पिऊन पेला पालथा घातला. मग पिशवीतून एक फोटो काढून पुढं केला. जुना होता. मांडवगणच्या शेतात, उसाच्या कडेला भैरू उभा. कमरेवर हात, डोळे उन्हानं बारीक केलेले.

"ह्यो लाव."

"कुठं, आजी?"

"काल कट्ट्यामागं पोरं कुजबुजत होती, आप्पा श्रद्धांजली लावणार म्हणून. त्याच्यावर ह्यो लाव."

कूलरचा आवाज होत राहिला. दत्तानं फोटो दोन्ही हातांत धरला होता आणि तो कुठं ठेवावा हे त्याला सुचत नव्हतं.

"तुम्हाला कुणी..."

"कोण सांगणार? सगळी माझ्यासमोर आली की हसत्यात. एवढी हसणारी गल्ली न्हाई ही." आजींनी गुडघा चोळला. "संक्रांतीला गुजरातवरनं तिळगूळ आला. खोक्यावर आपल्याच चौकातल्या दुकानाचा शिक्का. दूधवाल्याला फोन येतोय, इस्त्रीवाल्याला येतोय, किराणावाल्याला येतोय. मला एकदा न्हाई. रोज तिथं जाऊन बसते, बघते. कानाला फोन लावून उभा हाय. कुणाशी बोलतोय एवढं?"

दत्ता खाली मान घालून स्कॅनरचं झाकण उघडत होता.

"म्हणून त्यो फोटो नको. ह्यात हात मोकळे हायत," आजी म्हणाल्या. "आन् अनुपमाला सांगू नको. तिला वाटतंय मला म्हाईत न्हाई. तेवढ्यासाठी ती उभी हाय. मला सांगितलं की पडंल."

"पण फ्लेक्स लागल्यावर तिला दिसंलच की."

"तवा मी म्हणीन, मला नीट दिसत न्हाई."

दत्तानं फोटो स्कॅन केला. दहा बाय दहाची पाटी घेतली, चंदनी हार घेतला, दिव्याची ज्योत घेतली. सगळं तयार होतं. आजवर अशा दोनशे-अडीचशे केल्या असतील त्यानं. भैरू दुसऱ्या स्क्रीनवर कमरेवर हात ठेवून उभा राहिला, उसासकट. दत्तानं ऊस कापायला घेतला आणि मग सोडून दिला.

तेवढ्यात दरवाजा ढकलला गेला. अनुपमा उन्हातून आली होती, डोळे मिचकावत. कोपऱ्यातल्या स्टुलाकडं तिचं लक्षच गेलं नाही.

"दत्ता, मी आप्पांच्या घरी जाऊन आले. ते म्हणले, वहिनी, माझी बदनामी होती. मी म्हणलं, निदान दिवाळीपर्यंत राहू दे. आई सकाळपास्नं घरात न्हाईत, कुठं गेल्यात कोण जाणे, चौकात बघून आले..." बोलता बोलता तिनं पर्समधून पाकीट काढलं होतं. टिकली बोटावर घेऊन ती सवयीनं काळ्या स्क्रीनकडं वळली. आज तो काळा नव्हता. त्यावर हार होता, ज्योत होती आणि उसाच्या कडेला उभा असलेला नवरा होता.

हा फोटो घरात एकाच पेटीत होता आणि त्या पेटीची किल्ली एकाच माणसाच्या कनवटीला असायची.

तिनं मागं वळून पाहिलं.

दत्ता उठू लागला, पण जायला वाट नव्हती. दोघींच्या मधून गेल्याशिवाय दुकानाबाहेर पडता येत नव्हतं. तो पुन्हा बसला आणि कीबोर्डवरची धूळ पुसू लागला.

"इकडं ये," आजी म्हणाल्या.

अनुपमा गेली आणि स्टुलाजवळ जमिनीवर बसली. टिकली अजून बोटावरच होती. आजींनी ती काढून घेतली, अंगठ्यानं तिच्या कपाळावर दाबली, मागं सरून पाहिलं आणि जराशी सरकवून सरळ केली.

"वाकडी लावतीस रोज," त्या म्हणाल्या. "जानेवारीपास्नं सांगीन म्हणते."

फोन वाजला. आप्पांचा होता. दत्तानं तो उलटा करून ठेवला.

"खाली काय लिहू, आजी?" अखेर त्यानं विचारलं. "शोकाकुल म्हणून?"

"तुमची पद्धत काय?"

"घरच्यांची नावं. न्हाईतर मित्र परिवार."

आजींनी विचार केला. "सगळी कॉलनी लिही. बिचारी लई दमल्यात."

दत्तानं टाइप केलं. 'शोकाकुल : समस्त सूर्योदय कॉलनी.' मग नावाखालच्या रिकाम्या ओळीवर आला आणि थांबला.

"तारीख?"

त्यानं दोघींकडं पाहिलं. अनुपमानं आजींकडं पाहिलं. आजी अनुपमाकडं बघत होत्या, काठी घट्ट धरून. तारीख त्यांना अजून कुणी सांगितलेली नव्हती.

"सतरा नोव्हेंबर," अनुपमा म्हणाली. "सोमवार."

आजींचे ओठ हलले. त्या आठवणीत मागं मागं जात कुठंतरी पोचल्या.

"सोमवारी मी वाकर सोडून पयल्यांदा चालले," त्या म्हणाल्या. "भिंतीपास्नं खिडकीपर्यंत. लेकीनं फोनवर तुम्हाला दाखवलं बघ. तू टाळ्या वाजवल्यास."

"व्हय," अनुपमा म्हणाली.

दत्तानं तारीख टाकली.