फुंकरीनंतरचा श्वास

मित्रांनो, मी एक जुने फुप्फुस आहे. उजव्या बाजूचे. वय एकावन्न वर्षे, मुक्काम कायमचा एकाच खोलीत. चहूबाजूंनी बरगड्यांचे गज आणि खाली श्वासपटलाची जमीन. जन्मापासून एकदाही बाहेर पडलेले नाही.

डावीकडे माझे भावंड राहते. मला तीन खंड, त्याला दोनच, कारण हृदयबुवांना ऐसपैस बसायला जागा हवी म्हणून त्याला अंग चोरावे लागले. यावरून ते आजही कुरकुरते.

आमचे काम असे. नाकातली हवा श्वासनलिकेतून खाली येते. नलिकेला दोन फाटे फुटतात, एक माझ्याकडे, एक भावंडाकडे. पुढे फाट्याला फाटा फुटत जातो आणि अगदी टोकाला वायुकोशांचे घोस लागतात. आम्हा दोघांत मिळून असे तीसेक कोटी वायुकोश आहेत. त्यांची भिंत इतकी पातळ, की पलीकडून वाहणारे रक्त प्राणवायू उचलून नेते आणि कार्बन डायऑक्साइड माझ्या दारात ठेवून जाते. तो बाहेर टाकायचा, की लगेच पुढचा श्वास. सुट्टी नाही.

एक गोष्ट मात्र फारसे कोणी सांगत नाही. मला फुगवणारे स्नायू माझे नाहीत. श्वासपटल खाली सरकते, बरगड्या वर उचलल्या जातात, तेव्हा मी फुगते. ती सैल पडली की मिटते. आत काय घ्यायचे ते मी ठरवत नाही. शिवाय वेदना कळवणाऱ्या नसा माझ्या आत जवळजवळ नाहीतच, त्यामुळे मला काही झाले तरी मालकाला पत्ता लागत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आमचा मालक दगडावर अक्षरे कोरतो. दारावरच्या पाट्या, शाळांच्या कोनशिला. दुकान म्हणजे एक लांबट खोली. तिला एकच खिडकी आणि तीही रस्त्याचा गोंगाट नको म्हणून बंद. आधी छिन्नी-हातोडी होती, नंतर फिरत्या पात्याचे मशीन आले. त्याची अक्षरे पाहून लोक म्हणत, "दगड बोलतोय हो!" तरुणपणी तो शिट्टी वाजवत काम करी. ती हवा मी पुरवत असे, आणि खरे सांगते, मला त्याचा फार अभिमान वाटे.

पण त्याला एक सवय होती. खाचेत भुकटी साचली की तो वाकून, नाक दगडाला लावून जोरात फुंकर मारी. ब्रशने अक्षरांसाठी आखलेली पेन्सिलची रेघ पुसली जाते, पाण्याने दगड काळपट होऊन रेघ दिसेनाशी होते, फुंकर मात्र रेघेला धक्का लावत नाही, असे त्याला त्याच्या काकांनी शिकवले होते. खोटे नव्हते ते. पण फुंकर मारून मी रिकामे झाले की पुढचा श्वास घ्यावाच लागे, आणि तो त्याच उडालेल्या ढगातून.

नाकातले केस, नळ्यांमधला चिकट पदार्थ, त्याला वर ढकलणारे झाडूसारखे तंतू, सगळ्यांनी जिवाचे रान केले. जाडे कण बाहेर गेले. बारीक कण थेट वायुकोशांत पोचले. तिथे माझ्या पहारेकरी पेशी त्यांना गिळत, पण दगडाची भुकटी पचेना. पहारेकरीच मरत आणि त्या जागी निबर गाठ होई. अशा गाठींवर गाठी होत गेल्या. बरगड्या ओढत होत्या आणि मी फुगत नव्हते. स्वतःच्याच अंगात अडकून पडणे काय असते ते मला तेव्हा कळले.

ओरडायला मला एकच भाषा येते, खोकल्याची. मालक म्हणे, "हवा बदलली की होतंच."

"चार वर्षं झाली, रोज हवा बदलतेय का?" बायको म्हणाली आणि त्याला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी माझा फोटो काढून उजेडासमोर धरला. "हे पांढरे ठिपके दिसतात ना? ही दगडाची धूळ. भुकटी झाडता कशाने?"

"फुंकरीने."

"गेलंय ते परत येणार नाही. राहिलंय तेवढं सांभाळा. ते काम बंद."

"बंदच आहे. आता मुलगी कोरते. तिचा हात माझ्याहून चांगला आहे."

"आणि भुकटी? ती कशाने झाडते?"

मालक खुर्चीतून उठलाच.

तो तडक दुकानात आला, वाटेत तीनदा थांबून. मुलगी पाठमोरी होती, कानात कापसाचे बोळे. तिने मशीन बंद केले आणि ती दगडावर वाकली. मालकाला ओरडायचे होते, "थांब!" मित्रांनो, ओरडायला हवा लागते आणि ती मीच द्यायची. मी आणि भावंडाने होती नव्हती ती गोळा केली. ती गळ्यापर्यंत गेली आणि तिचा खोकला झाला. त्याच्या खोकल्याची मुलीला सवय होती. तिने वळूनही पाहिले नाही.

मग तो चालला. चारच पावले, पण मला ती डोंगर चढल्यासारखी गेली. त्याने मागून तिच्या तोंडावर हात ठेवला.

तिने दचकून बोळे काढले. "बाबा, काय करताय?"

"फुंकू नकोस." एक श्वास. "मी चुकीचं... शिकवलं तुला."

"मग रेघ कशी दिसणार?"

"नाही दिसली तर... नाही दिसली." त्याने पिण्याच्या पाण्याची बाटली उचलून दगडावर पालथी केली. रेघ गेली. दोघे त्या ओल्या दगडाकडे बघत उभे राहिले. मुलगी रडत होती. तिला त्याच्या छातीतली घरघर पहिल्यांदाच इतक्या जवळून ऐकू आली होती.

आता ती खिडकी उघडून, मास्क लावून, पाण्याची धार सोडून कोरते. अक्षरे अजून पूर्वीसारखी रेखीव येत नाहीत. गिऱ्हाईक नाक मुरडते, मालक दाराशी खुर्चीत बसून ऐकून घेतो.

मी बरे होणार नाही. गाठी आहेत तिथेच राहतील. पण मित्रांनो, तुमच्याही छातीत आमच्यासारखी दोन जण कोंडलेली आहेत. त्यांना दार लावून घेता येत नाही. धूळ द्या, धूर द्या, ती मुकाट्याने आत घेतात. तुमच्या शेजारी बसून काम शिकणाऱ्याच्या छातीतही दोन आहेत. त्याला काही शिकवण्याआधी त्यांची आठवण ठेवा, कारण ती स्वतः तुम्हाला हाक मारू शकत नाहीत.