निळ्या कादंबरीची आठ पानं

देवळीच्या आमच्या वाचनालयात मी सव्वीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली, आणि प्रत्येक पुस्तकाची पानं मोजून दिली-घेतली. पुस्तक परत आलं की मोजणी होईपर्यंत मी सभासदाला समोर उभं ठेवायचो. गाव मला मागून 'पानमोजे नानाजी' म्हणायचं. माझ्या सख्ख्या मेव्हण्याने एका मासिकातलं नटीचं चित्र कापून घेतलं, तर मी त्याचं नाव रजिस्टरातून उडवलं. बायको दोन महिने माझ्याशी बोलली नाही. जेवण मात्र वेळेवर वाढायची, म्हणून निभावलं.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्या हातून जे झालं ते असल्या माणसाकडून व्हायला नको होतं.

१९७७ च्या उन्हाळ्यात कमिटीने वाचनस्पर्धा काढली. कमिटी म्हणजे अध्यक्ष महादेवराव, रिटायर्ड हेडमास्तर. बाकीचे माना हलवायला. गाव खुनाच्या गोष्टींपलीकडे काही वाचत नाही, असं महादेवरावांचं दुखणं होतं. म्हणून त्यांनी विषयच बांधून दिला. ज्यात गोष्ट शाळेत नाहीतर कॉलेजात घडते अशी दहा पुस्तकं आपल्याच कपाटांतून ज्याची त्याने निवडायची, एप्रिल ते जून वाचायची, आणि जूनच्या शेवटच्या रविवारी महादेवराव चिठ्ठी उचलून त्यातल्या एका पुस्तकावर प्रश्न विचारणार. पहिलं बक्षीस टेबलफॅन. आमच्याकडचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला टेबलफॅनचं मोल सांगायला नको.

एकवीस नावं आली. त्यात बाई एकच, अनुसयाबाई. बाजारातल्या कापडदुकानवाल्या प्रभाकररावांची बायको. शाळा सातवीपर्यंत, आवाज इतका हळू की मला दोनदा विचारावं लागायचं. पहिल्या दिवशी आल्या, कपाटातून एक पुस्तक काढलं, आणि उभ्याउभ्या उघडलं ते थेट शेवटचं पान. वाचलं, मिटलं, परत ठेवलं. दुसरं काढलं, त्याचंही तेच. चौथ्या पुस्तकाला माझं डोकं फिरलं.

"अवो बाई, शेवट आधीच वाचला, तर पुस्तकात राह्यते काय?"

"मले मजा नाई पाह्यजे, नानाजी," त्या म्हणाल्या. "पोरगी परीक्षा देते का नाई, येवढंच पाह्याचं हाय."

मग हळूहळू, चार फेऱ्यांत मिळून, त्यांनी सगळं सांगितलं. मुलगी कोकिळा नुकतीच दहावीला बसली होती. पुढे शिकायचं तर रोज एसटीने वर्ध्याला जाणं आलं. प्रभाकररावांनी अजून नाही म्हटलं नव्हतं, पण हिंगणघाटचं एक स्थळ त्यांनी लोंबकळत ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हे, पण भित्रा. एसटीची गर्दी, कॉलेजातली पोरं, आणि लोक काय म्हणतील, या तीन गोष्टींनी त्यांची झोप उडाली होती. त्या घरात कोणी कोणाशी समोरासमोर वाद घालत नसे. सासूबाई शकुबाई बोलायच्या, बाकीचे ऐकायचे.

पण उन्हाळ्यात दुकान बारा ते चार बंद असायचं. प्रभाकरराव जेवून ओल्या फरशीवर आडवे व्हायचे, शकुबाई शेजारी वातींचा कापूस पिंजत बसायच्या, आणि अनुसयाबाई 'स्पर्धेचं वाचन' म्हणून पुस्तक मोठ्याने वाचायच्या. स्पर्धा वाचनालयाची, अध्यक्ष हेडमास्तर, त्यामुळे कोणाला हरकत घेता येईना.

"कोकिळाचे बाबा डोये मिटून पडून राह्यतात," त्या म्हणाल्या, "पन आयकतात. मी थांबली का डोये उघडतात."

एवढं कळल्यावर माझा राग कुठे गेला ते मलाच समजलं नाही. मीही शेवटची पानं चाळायला लागलो. आणि खरं सांगतो, इतकी वर्षं या कपाटांवर राज्य केलं पण असला हिशेब कधी मांडला नव्हता. आमच्याकडच्या पुस्तकांत कॉलेजला गेलेली मुलगी शेवटी एकतर मांडवात जायची नाहीतर दवाखान्यात. मुलगा पहिला यायचा, मुलगी त्याच्याकडे बघायची. कुठे ती क्षयाने जायची, कुठे तिचा पदर धरून कोणी रडायचं. पेपर लिहिताना काही ती दिसायची नाही. लेखकांवर मी इतका चिडलो की दोघांना पत्रं लिहिली. उत्तर एकाचंही आलं नाही.

तरी शोधत गेलो. मुलांच्या शाळेच्या गोष्टी चालवून घेतल्या, एका शिक्षिकेच्या आठवणी सापडल्या, वसतिगृहातल्या चार मैत्रिणींचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. त्यातल्या तिघी पास होत होत्या, चौथीकडे आम्ही कानाडोळा केला. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत नऊ झाली. दहावं काही केल्या मिळेना. तेवढ्यात मला निळ्या कापडी बांधणीची एक कादंबरी आठवली. वीस वर्षांपूर्वी वाचलेली. कुसुम नावाची मुलगी, आणि दर आठवड्याला बैलगाडीने तिला होस्टेलवर डबा पोचवणारा बाप. तो डबा मला जसाच्या तसा आठवत होता.

अनुसयाबाई सवयीने मागचं पान उघडायला गेल्या, तर मी पुस्तक त्यांच्या हातातून घेऊन मिटलं. म्हटलं, आता तरी या म्हाताऱ्यावर भरोसा ठेवा, एक तरी पुस्तक माणसासारखं पहिल्या पानापासून वाचा. त्या हसल्या, पदर सारखा केला आणि पुस्तक घेऊन गेल्या. कार्डावर मी लिहिलं: पानं दोनशे बत्तीस.

आठवड्याने, संध्याकाळी दार उघडतो न उघडतो तोच प्रभाकरराव आले. वाचनालयात त्यांनी पहिल्यांदाच पाऊल टाकलं असेल. हातात ती निळी कादंबरी. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"नानाजी, याच्यात पुढं पानंच नाईत," ते म्हणाले. "पोरगी पेपरले निघाली, बाप फाटकापाशी डबा घेऊन उभा, अन् तिथूनच सरलं. आमची माय दोन दिवसांपासून भांडून राह्यली, म्हन्ते जाऊन इचार. दिला का तिनं पेपर?"

मी पुस्तक हातात घेतलं. दोनशे चोवीसनंतर पुठ्ठा. आठ पानं नव्हती. पण शिवण ढिली झालेली नव्हती, पानं गळलेली नव्हती, आणि वाळवीचं तर नावच नको. बांधणीपाशी बोटभर कागद शिल्लक होता आणि त्याची कड सरळ, एका हातात कापलेली. मघाशी बोलता बोलता प्रभाकरराव त्याच कडेवरून अंगठा फिरवत होते.

आणि मला शेवट आठवला. वीस वर्षं डबा लक्षात ठेवला आणि शेवट विसरलो, इतका मी मूर्ख. कुसुम पेपरला जातच नाही. फाटकावर बाप उभा असताना मागच्या दाराने एका प्राध्यापकाबरोबर पळून जाते. बाप अंथरूण धरतो, आणि मुलीला शिकवू नका असं गावाला सांगून मरतो. प्रभाकरराव ज्या ज्या गोष्टींना भीत होते त्या सगळ्या त्या आठ पानांत होत्या, आणि त्या घरात पाठवल्या होत्या मी, शेवट न बघू देता.

पानं कोणी कापली ते विचारायची गरज नव्हती. नियमाने मला नाव उडवायला हवं होतं, स्पर्धेतून आणि रजिस्टरातूनही. कार्ड समोरच होतं, माझ्याच अक्षरात दोनशे बत्तीस. मी त्यावर हात ठेवला.

"हे असंच आलं होतं आमच्याकडे," मी म्हटलं. "जुनं पुस्तक आहे. शेवट कोणालाच माहीत नाही."

प्रभाकरराव माझ्याकडे बघत राहिले. मला घाम फुटला होता, पण जून महिना, घामाचं कारण कोणी विचारत नाही. तुम्हाला काय वाटतं, मी विचारलं.

"जो बाप डबा घेऊन इतक्या लांब येते," ते म्हणाले, "त्याची पोरगी पेपर सोडन, असं नाई वाटत मले." आणि गेले.

शेवटच्या रविवारी सभा भरली. अनुसयाबाईंची पाळी आली. महादेवरावांनी चिठ्ठी उचलली, आणि कोणाचं नशीब म्हणायचं ते म्हणा, निघाली निळी कादंबरी. महादेवरावांनी ती वाचलेली होती. गोष्ट त्यांनी विचारली, त्या हळू आवाजात पण अडखळल्याशिवाय सांगत गेल्या. होस्टेल, मैत्रिणी, डबा, फाटक. नंतर महादेवरावांनी विचारलं, शेवट काय?

मागच्या बाकावर, दाराजवळ, प्रभाकरराव बसले होते. शेजारी कोकिळा. टेबलफॅन खोक्यातून काढून टेबलावरच ठेवला होता. अनुसयाबाईंना तो शेवट पाठ असणार, शब्दन् शब्द. कापण्याआधी त्यांनी तो कितीदा वाचला असेल, देव जाणे.

"शेवटची पानं नव्हती," त्या म्हणाल्या. "मले नाई माहीत."

महादेवराव तत्त्वाचे माणूस. पुस्तक पुरं वाचलं नाही म्हणजे दहा झाली नाहीत, ते म्हणाले. फॅन पोस्टमास्तरांच्या मुलाला मिळाला. मी कोपऱ्यात रजिस्टर घेऊन बसलो होतो, आणि एक अक्षर बोललो नाही. त्या खाली बसल्या तेव्हा चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला मात्र भरून आलं, आणि मी उगाच रजिस्टराची पानं मोजू लागलो.

जुलैत कोकिळा वर्ध्याच्या एसटीत बसली. पहिल्या दिवशी प्रभाकरराव दुकान बंद ठेवून तिच्याबरोबर कॉलेजपर्यंत गेले आणि ती सुटेपर्यंत फाटकाबाहेर उभे राहिले, असं मी ऐकलं. त्याच आठवड्यात अनुसयाबाई आल्या. पिशवीतून कापडाच्या घड्यांत घालतात त्या खाकी कागदाचं पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. आत चार कागद, म्हणजे आठ पानं, एकालाही सुरकुती नाही.

"गुन्हा झाला माह्याकडून. नाव उडवा माहं."

मी पाकीट खणात टाकलं आणि कुलूप लावलं. म्हटलं, नाव उडवायचं तर आधी माझं उडवावं लागेल, पुस्तक मी दिलं होतं. ही पानं चिकटवू, पण आत्ता नाही. कोकिळाचं पुरं होऊ द्या. त्या रडल्या. मी त्यांना रडू दिलं, आणि त्या गेल्यावर मीही डोळे पुसले.

१९८२ च्या जूनमध्ये कोकिळा बी.ए. झाली. पेढे घेऊन प्रभाकरराव स्वतः आले, डोक्यावरचे केस बरेच उडालेले, चेहरा उजळलेला. मला राहवेना. खण उघडला, पाकीट बाहेर काढलं, आणि म्हटलं, प्रभाकरराव, पाच वर्षांपूर्वी मी तुमच्याशी खोटं बोललो.

त्यांनी पाकिटाकडे पाहिलं. हात लावला नाही.

"मले माहीत होतं," ते म्हणाले.

मी पाकीट टेबलावर ठेवलं.

"नानाजी, कपडा फाडण्यात जन्म गेला माहा. कातरीचं काम मले नाई समजन? आमच्या दुकानातली मोठी कातर होती ते. त्या दिवशी खुंटीवर उलटी टांगलेली होती. कोकिळाची माय चिंधी वाया जाऊ देत नाई. तिनं पुस्तक कापलं. मंग म्हनलं, पाहू नानाजी काय म्हन्तात. तुमी तर मेव्हण्याचं नाव उडवनारे. अन् तुमी बी खोटं बोलले, माह्या तोंडावर. तवा समजलं का शेवट लय वाईट असन."

"मग?"

"मंग काय. दोन सरय मानसं माह्या पोरीसाठी वाकडी झाली. मी आडवा येनारा कोन?"

बायकोला हे कधी सांगितलंत का, मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. तिला वाटतं तिने आपल्याला फसवलं, तेवढं सुख तिच्याजवळ असू दे, असं काहीसं ते पुटपुटले.

मी आतून खळीची वाटी आणली. वाटलं होतं, ते आता तरी ती पानं वाचतील. त्यांनी वाचली नाहीत. दुकानात कापडाचा काठ जुळवतात तसा पानांचा काठ त्या बोटभर कागदाशी जुळवून दोन्ही हातांनी धरला, आणि मी खळ लावली. वाळेपर्यंत आम्ही पेढे खाल्ले. मग मी पुस्तक पुढे ओढलं आणि सवयीने पहिल्या पानापासून मोजायला सुरुवात केली, आणि प्रभाकरराव सभासद नसूनही मोजणी संपेपर्यंत समोर उभे राहिले.