न फोडलेले नारळ

निकाल दुपारी बारालाच लागला आणि एक वाजेपर्यंत चौकात इतका गुलाल उडाला, की पिंपळाखालच्या म्हशीसुद्धा मारुतीरावांच्या कार्यकर्त्या दिसायला लागल्या. गर्दी मात्र मारुतीरावांसाठी नव्हती. नव्या आमदारांचा फोटो खांबाला टेकवून ठेवला होता आणि लोक गुप्तनाथ महाराजांच्या पाया पडत होते.

मतदानाच्या आठवडाभर आधी महाराजांनी मारुतीरावांचा कार्यकर्ता यल्लाप्पा याला पिवळ्या फडक्यात बांधलेला नारळ दिला होता. तो आज सगळ्यांदेखत फोडला. आतून चिठ्ठी निघाली: मारुतीराव.

"अख्ख्या नारळात चिठ्ठी गेली कशी, सांगा की!" यल्लाप्पा ओरडत होता.

"आम्ही लिहीत नाही, बाळा," महाराज डोळे मिटून म्हणाले. "काळ लिहितो. आम्ही फक्त पोस्टमन."

काळाचं अक्षर फार गिचमिड होतं. बत्तीस वर्षं मराठी शाळेत वह्या तपासल्यात मी, मला ते लगेच दिसतं.

एरवी मी घरी गेले असते. पण माझी वहिनी कांता अंगाऱ्याची पुडी घेऊन गर्दीतून बाहेर आली. तिची मुलगी रचना बारा वर्षांची, तिला फिट्स येतात. बेळगावच्या डॉक्टरांनी बजावलंय, एकही गोळी चुकवायची नाही.

"आक्का, आजपासनं गोळ्या बंद. एकवीस दिवस निस्ता अंगारा," कांता म्हणाली. "पाकिटं म्हाराजांच्या पायाशी ठेवून आले."

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?"

"ज्येंनी निकाल सांगितला, त्येंना पोरीचं कळंना व्हय?"

हिला आता भावानेच समजवायला हवं होतं. रचनाची पुढची गोळी संध्याकाळी होती. मी तडक भावाचं घर गाठलं.

आमच्याकडे निकालाचा रिवाजच आहे. जिंकलेल्यांनी चौकात नाचायचं, हरलेल्यांनी आतून कडी लावून बसायचं. माझा भाऊ सुकुमार हरलेल्या नागेंद्र अण्णांचा माणूस, त्यामुळे कडी लागलेली होती. दार उघडलं तर त्याच्या हातात पिवळं गाठोडं.

"हे काय रं?"

"म्हाराजांनी दिलतं. कुणाला सांगू नको म्हणाले. जिंकलो तर चौकात फोडायचा, हरलो तर न फोडता नदीत सोडायचा. न्हायतर घरावर कोप."

"आत कुणाचं नाव आहे?"

"मारुतीरावच असणार की. म्हाराज खोटं कशाला लिव्हतील?"

"मग फोड."

"नको गं आक्का. घरात पोरगी आजारी हाय."

"म्हणूनच फोडायचा."

मी नारळ कानाशी धरून हलवला. बाजारात पाणी वाजल्याशिवाय आपण एक नारळ पिशवीत टाकत नाही. महाराजांचा नारळ मात्र गावात कुणी हलवून बघितलाच नव्हता. हा वाजला नाही.

चौकात सगळ्यांदेखत मी तो दगडावर आपटला. सुकुमार दोन पावलं मागे उभा होता. चिठ्ठी निघाली: नागेंद्र अण्णा. अक्षर तेच, गिचमिड.

"महाराज, काळाने दोघांना निवडून दिलं काय?" मी विचारलं.

मग मी करवंटीवरची शेंडी बाजूला करून दाखवली. खालचा मऊ डोळा टोकरलेला, त्यातून पाणी काढलेलं, चिठ्ठीची गुंडाळी आत सारलेली, वर मेण आणि मेणावर हळद. यल्लाप्पाने स्वतःची करवंटी उचलली. तिलाही मेण होतं.

इतक्यात तिसऱ्या उमेदवाराचा, परशरामांचा कार्यकर्ता भरमू घराची कडी काढून पिवळं गाठोडं घेऊन आला. "बाई, आमच्याकडंबी एक हाय." त्याचाही नारळ फोडला. आत परशराम.

महाराजांनी मौन धारण केलं. निपाणीची बस आली आणि ते तीत चढून गेले, तोवर ते मोडलं नाही.

उमेदवार तीन, नारळ तीन. कुणीही जिंको, एक नारळ खरा ठरणारच होता, आणि खोटे ठरलेले दोन कडी लावलेल्या घरांतून गुपचूप नदीत जाणार होते. यात महाराजांची हुशारी थोडी, आपली लाज जास्त.

कांताने महाराजांच्या सतरंजीवरून गोळ्यांची पाकिटं उचलली आणि पदराने एकेकावरचा गुलाल पुसला. "आक्का, अजून एकबी चुकली न्हाय न्हवं?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"न्हाय गं. संध्याकाळची वेळेवर दे."

तेव्हा मंडळी, कुणी चमत्कार दाखवला तर खुशाल बघा. पण लेकराचं औषध बंद करण्याआधी एवढं विचारा, की न फोडलेले नारळ कुठे आहेत?